ऑटोमॅटिक चेरोकीत मॅन्युअल गिअरबॉक्स : क्लचचे हायड्रॉलिक पार्ट जमवताना

माझ्या १९९५ च्या जीप चेरोकीतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून तिथे पाच गिअरचा मॅन्युअल बसवायचं काम मार्च २०२३ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबरात संपलं. गिअरबॉक्स शोधण्यात सगळा वेळ जाईल असं धरून चाललो होतो. तो मे महिन्यातच हाती आला. काम अडलं ते क्लचचा मास्टर सिलिंडर (पेडलकडचा), स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सकडचा) आणि दोघांना जोडणारी नळी या तीन वस्तूंपाशी. पूर्ण खर्चात यांचा वाटा लहान, आणि सगळ्यात जास्त थांबवलं यांनीच. मी मिशिगनमध्ये राहतो, काम घरच्या गॅरेजमध्ये केलं. पण गाडी कुठलीही असो, गाव कुठलंही असो, हे पार्ट जमवताना लागणारे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. म्हणून तपशिलात लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. चेरोकीतला एडब्ल्यू-४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आयसिन-वॉर्नरचा, चार गिअरचा, आणि अतिशय दणकट आहे. तुमचा नीट चालत असेल तर त्याला हात लावू नका. माझ्या गाडीत आधीच्या मालकाच्या काळात ऑइल कूलरची नळी गळत राहिली होती आणि तो तशीच चालवत राहिला होता. डिपस्टिक काढली की जळका वास यायचा, चढावर तिसरा गिअर घसरायचा. दुरुस्तीचा अंदाज २,८०० डॉलर निघाला. तेवढे पैसे घालायचेच तर मॅन्युअल का नको, असं मनात आलं. साताऱ्याला मामांच्या गॅरेजमध्ये महिंद्रा जीपवर गाडी शिकलेल्या माणसाला या विचारातून बाहेर काढणं कठीण असतं.

चेरोकीवर त्या काळात येणारा मॅन्युअल गिअरबॉक्स म्हणजे एएक्स-१५, हाही आयसिनचाच. तो शोधायला लागल्यावर पहिलं शहाणपण शिकलो ते वर्षाचं. १९९३ पर्यंतच्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घंटेसारख्या कवचाच्या) आत, इनपुट शाफ्टभोवती असतो. रिलीज बेअरिंग त्यालाच जोडलेलं. १९९४ पासून तो बाहेर आला: बेलहाउसिंगच्या ड्रायव्हरकडच्या बाजूला दोन नटांवर, आणि आत फोर्क, म्हणजे रिलीज बेअरिंग ढकलणारा दुशाखी दांडा. आतला स्लेव्ह गळायला लागला तर पन्नास डॉलरच्या पार्टासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बाहेरचा असेल तर गाडीखाली झोपून अर्ध्या तासात बदलता येतो. आतल्याचं बाहेर करता येतं, पण मग बेलहाउसिंग, फोर्क, त्याचा पिव्होट, रिलीज बेअरिंग असं एकामागून एक निघत जातं.

एप्रिलमध्ये एकजण १९९२ चा गिअरबॉक्स २५० डॉलरला देत होता. स्वस्त होता, घराजवळ होता. तरी नाही म्हटलं. तुम्ही बघायला गेलात तर विकणाऱ्याने सांगितलेल्या वर्षावर जाऊ नका, टॉर्च घेऊन बेलहाउसिंग बघा. नळी थेट बेलहाउसिंगच्या आत शिरत असेल तर स्लेव्ह आत आहे. बाहेर सिलिंडर बोल्ट केलेला दिसला आणि त्याचा दांडा फोर्ककडे जाताना दिसला तर बाहेरचा.

सुटे पार्ट गोळा करण्यापेक्षा पूर्ण गाडी घ्यायची असं शेवटी ठरवलं. मे महिन्यात १९९५ ची मॅन्युअल चेरोकी ९०० डॉलरला मिळाली. इंजिन गेलेलं, खालचे पत्रे मिठाने खाल्लेले, पण पेडल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), दोन्ही ड्राइव्हशाफ्ट जागेवर. १९९७ मध्ये चेरोकीचा डॅशबोर्ड बदलला, त्यामुळे पेडलचा संच १९९६ पर्यंतच्या गाडीचाच हवा होता. ट्रान्सफर केस तिचीच घेतल्याने शाफ्टचे दाते जुळतील का हा प्रश्नच उरला नाही.

पूर्ण गाडी घेतली की कागदपत्रं आली. मिशिगनमध्ये गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात (गाड्यांची नोंदणी तिथेच होते) बदलून घ्यावं लागतं, तेही पंधरा दिवसांच्या आत. टायटलचे १५ डॉलर, वर किमतीवर सहा टक्के कर म्हणजे ५४ डॉलर. नंबरप्लेट विकणाऱ्याकडेच राहते, म्हणून गाडी टो करून आणली, त्याचे १४०. "पार्टांसाठीच तर घेतोय, टायटल कशाला" असं पुष्कळजण म्हणतात. पण उरलेला सांगाडा भंगारवाल्याला देताना तो तुमच्या नावाचं टायटल मागतो. ते नसेल तर सांगाडा अंगणात पडून राहतो. आणि अंगणात तो ठेवता येत नाही, हे मला जूनमध्ये पालिकेकडून आलेल्या पत्राने कळवलं: नोंदणी नसलेली, न चालणारी गाडी उघड्यावर ठेवायला मनाई, महिनाभराची मुदत. पत्र हातात घेतल्यावर पोटात गोळा आला. फोन करून काम चालू असल्याचं सांगितलं, बोलणारी बाई समजूतदार होती, पण मुदत काही वाढली नाही. एका मित्राने त्याच्या शेडमध्ये जागा दिली. तुमच्या गावचा नियम गाडी आणायच्या आधी विचारून ठेवा.

गिअरबॉक्स उतरवण्यावर फार लिहीत नाही, त्याची वर्णनं भरपूर सापडतात. दोनच गोष्टी. बेलहाउसिंगचे वरचे दोन बोल्ट बाहेरून ताऱ्याच्या आकाराचे असतात, त्यांना ई-१२ मापाची गोटी (सॉकेट) लागते आणि मागून पोहोचायला एक्सटेन्शनची लांबलचक काठी. साधी गोटी लावून डोकी गोल करू नका. आणि गिअरबॉक्स मागे ओढायच्या आधी क्रँक सेन्सर काढून ठेवा, नाहीतर तो चिरडला जातो. घोडीवर, म्हणजे गाडी उचलून धरणाऱ्या स्टँडवर, दोन गाड्या, एक उघडी आणि एक उघडायची, असा तो जून महिना गेला.

आता क्लच. हायड्रॉलिक क्लच म्हणजे नळीने जोडलेल्या दोन सिरिंज. पेडल दाबलं की मास्टरमधलं तेल नळीतून स्लेव्हमध्ये जातं, स्लेव्हचा दांडा फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो आणि क्लच सुटतो. मास्टरचा बोअर (सिलिंडरच्या आतलं भोक) जितका मोठा तितकं एका दाबात जास्त तेल, पण पेडल जड. स्लेव्हचा बोअर मोठा झाला तर तेवढ्याच तेलात दांडा कमी सरकतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना खरखरतं. हे क्षेत्रफळाचं गणित असल्यामुळे व्यासातला छोटा फरकही मोठा पडतो. पाऊण इंची बोअरऐवजी तेरा-सोळांश इंची घेतला, म्हणजे १९.०५ मिलिमीटरऐवजी २०.६४, तर तेल सतरा टक्क्यांहून जास्त सरकतं. म्हणून "थोडासाच मोठा आहे, चालून जाईल" असं विकणारा म्हणाला तरी मास्टर आणि स्लेव्ह एकाच गाडीसाठी बनलेली जोडी घ्या.

पार्टांसाठी घेतलेल्या गाडीतून काढलेला मास्टर आतल्या बाजूने ओला होता. त्या गाडीच्या पेडलखालचं कार्पेट तेलाने भिजलेलं होतं. स्लेव्हचा दांडा गंजून आत अडकलेला. नळीच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग पिन ठोकलेली होती, एक पिन निघाली आणि दुसरी काढताना टोकच तुटलं. म्हणजे तिन्ही वस्तू नव्याने शोधायच्या.

पहिल्यांदा गेलो डीलरच्या पार्ट काउंटरवर. त्याने माझ्या गाडीचा चासी नंबर, इथे ज्याला सगळे व्हिन म्हणतात, कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि म्हणाला, तुमच्या गाडीला क्लचच नाही. बरोबरच होतं. अशा कामात प्रत्येक चौकशी पार्टवाल्या गाडीच्या नंबराने करावी लागते. तिच्या डॅशबोर्डवरच्या पट्टीचा फोटो फोनमध्ये ठेवला होता, तो पुढे अनेकदा कामी आला. त्या नंबरावर पार्ट दिसले, पण उत्पादन बंद. दुसऱ्या राज्यातल्या एका डीलरकडे जुना माल शिल्लक होता: मास्टर, नळी, स्लेव्ह असा जोडून, तेल भरून सीलबंद केलेला संच. किंमत तिप्पट, परत घेणार नाही. मोह झाला. मग विचार केला, कपाटात किती वर्षं पडून असलेलं रबर ते, आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. सोडून दिलं.

जुनाच मास्टर उघडून किट टाकावं का, हा पुढचा विचार. रबराचं किट काही डॉलरांत मिळत होतं. मास्टर खोलला, बोअर पुसून साफ केला आणि मामांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, मामा गॅरेजच्या बाकावर चहा पीत बसले होते.

"मामा, बोअर तसा चकचकीत दिसतोय. किट टाकून चालेल का?"

"दिसण्यावर जाऊ नकोस. नख फिरव आतनं. कुठं लागतंय का?"

करंगळी आत घालून नख फिरवलं. तळाकडच्या बाजूला, जिथे तेल साचून राहतं तिथे, नखाला बारीक खड्डा लागत होता. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

"एका जागी लागतंय थोडंसं."

"मग किटचे पैसे पाण्यात. आठ दिवस सुका राहील, मग वायसर फाटंल आणि परत पायात तेल. नवा घे."

एवढं ऐकल्यावर प्रश्न मिटला. किट टाकायचंच असेल तर ही नखाची परीक्षा आधी करा, किट मागवून झाल्यावर नाही.

नवा मास्टर ऑनलाइन मागवला, ७२ डॉलर, आठवड्याभरात आला. जुन्याशेजारी ठेवून पेडलच्या दांड्याची लांबी, दांड्याच्या भोकाचा व्यास, दोन बोल्टांमधलं अंतर आणि नळीचं तोंड व्हर्नियरने मोजलं. जुळलं. स्लेव्हचं मात्र तसं झालं नाही. विकणाऱ्याच्या यादीत माझं वर्ष, माझं इंजिन सगळं लिहिलेलं होतं, पण आलेल्या स्लेव्हला नळी जोडायची जागाच वेगळी. तो परत पाठवणं, पोहोच मिळणं, पैसे जमा होणं यात जुलै सरला. पाठवणीचा खर्च माझ्याच खिशातून गेला. दुसऱ्या विकणाऱ्याला आधी लिहिलं, पार्ट हातात धरून नळीच्या तोंडाचा फोटो पाठवा. त्याने पाठवला, मग ऑर्डर दिली, ४८ डॉलर. पार्ट नंबर जुळतो म्हणून समाधान मानू नका. कॅटलॉगमध्ये वर्षं पुष्कळदा सैलपणे लिहिलेली असतात. जुना पार्ट कितीही सडलेला असला तरी नवा बसून गाडी चालेपर्यंत फेकू नका.

नळीने सगळ्यात दमवलं. तयार नळी कुठेच मिळेना. शेवटी पिनच्या भोकात बसणारे आणि दुसऱ्या बाजूला आटे असलेले दोन अ‍ॅडॉप्टर मागवले आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळ्या बनवून देणाऱ्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने पहिला प्रश्न विचारला: आत काय वाहणार? ब्रेक ऑइल म्हटल्यावर त्याने पुढ्यात ठेवलेली नळी उचलून परत रॅकवर टांगली. ट्रॅक्टरच्या नळीतलं नायट्राइल रबर खनिज तेलासाठी असतं, ब्रेक ऑइलमध्ये ते फुगतं आणि सोलून निघतं. त्याने आतून टेफ्लॉन आणि बाहेरून स्टीलची जाळी असलेली नळी कापून टोकं दाबून दिली. अ‍ॅडॉप्टर धरून ८५ डॉलर. लांबी दोरीने मोजून नेली होती, त्यात थोडा झोल ठेवला होता, कारण इंजिन आपल्या रबरांवर हलतं आणि मास्टर मात्र बॉडीला घट्ट. एक्झॉस्टपासून नळी लांब राहील असा रस्ताही आधी ठरवून ठेवला.

ऑगस्टमध्ये पेडल बसवले. जुन्या गाडीचा पेडलचा ब्रॅकेटच साचा म्हणून वापरला, खुणा केल्या आणि फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) मास्टरसाठी भोक पाडलं. उघड्या पत्र्याला लगेच रंग लावा, पावसाचं पाणी तिथूनच आत येतं. डॅशबोर्डखाली उताणं पडून, मान वाकडी करून मास्टरचे नट आवळणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. फ्लायव्हील मशीन शॉपमध्ये घासून आणलं, ६५ डॉलर. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंगचं किट १९०. पायलट बेअरिंग ठोकायच्या आधी इनपुट शाफ्टच्या टोकाचा व्यास मोजून बघा, ते शाफ्टवर हाताने सरकलं पाहिजे. वायरिंग त्या मानाने सोपं गेलं: या गाडीत ऑटोमॅटिकचा कंट्रोलर इंजिनच्या कॉम्प्युटरपासून वेगळा असतो, तो काढला तरी इंजिनाला फरक पडत नाही. रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरी गिअरबॉक्सवरच्या स्विचला नेल्या. स्टार्टरची वायर क्लच पेडलच्या स्विचमधून घेतली. ती नुसती जोडून मोकळं होऊ नका, नाहीतर गाडी गिअरमध्ये असतानाही सेल्फ मारला की उडी घेईल.

मग एअर, म्हणजे तेलात अडकलेली हवा, काढायची वेळ आली. चेरोकीत क्लचचा मास्टर तिरका बसतो, त्यामुळे हवा त्याच्या पुढच्या टोकाला अडकून राहते आणि गाडीवर कितीही पंप मारले तरी पेडल मऊच लागतं. यावर उपाय म्हणजे गाडीवर चढवायच्या आधी टेबलावर एअर काढणं. मास्टर व्हाइसमध्ये आडवा धरला, नळी आणि स्लेव्ह जोडले, स्लेव्ह खाली लोंबता ठेवला, पण ब्लीडरचं (हवा सोडायच्या स्क्रूचं) तोंड वर. डॉट-३ प्रतीचं ब्रेक ऑइल भरलं आणि स्लेव्हचा दांडा अंगठ्याने हळूहळू आत दाबला. मास्टरच्या टाकीत बुडबुड्यांची माळ वर आली. दांडा सावकाश सोडायचा, पुन्हा दाबायचा. बुडबुडे बारीक होत गेले, मग एखाददुसराच, मग काहीच नाही. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

सगळा संच तसाच जोडलेला, न उघडता गाडीवर चढवला. शेवटची हवा काढायला बायको पेडलवर बसली, मी खाली.

"दाब... धरून ठेव."

"धरलंय. सोडू?"

"अगं थांब, आधी ब्लीडर बंद करू दे... हां, आता सोड."

ब्लीडर उघडा असताना पेडल सुटलं की हवा परत आत ओढली जाते, म्हणून ही बोलाचाली ठरवूनच बसा. दरवेळी टाकीतलं तेल बघत राहा, ती रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात. थोड्या वेळाने ती वरून म्हणाली, "आता पाय परत ढकलतंय." त्या वाक्यासाठी मी जुलैपासून थांबलो होतो.

२३ सप्टेंबरला गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजबाहेर आली. आधी घोडीवरच, चाकं हवेत असताना, इंजिन चालू करून सगळे गिअर टाकून पाहिले. रिव्हर्स न खरखरता पडला की क्लच पूर्ण सुटतोय असं समजा. रस्त्यावर पहिला गिअर टाकून पाय सैल केला आणि गाडी सरकली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला काही वाटत नाही. पहिले पाचशे मैल गावातच, दमाने चालवली, नवी प्लेट बसायला तेवढं हवं. रोज सकाळी दोन ठिकाणी बोट फिरवून बघत होतो: पेडलच्या मागे, मास्टरच्या दांड्यापाशी, आणि खाली स्लेव्हच्या रबरी टोपीच्या काठाला. दोन्हीकडे कोरडं.

विमा कंपनीला फोन करून बदल नोंदवला. त्यांनी तारीख लिहून घेतली, हप्ता बदलला नाही. इथे गाड्यांची वार्षिक तपासणी नसल्यामुळे आणखी कुठे जावं लागलं नाही. तुमच्या राज्यात असेल तर गिअरबॉक्स बदललेला चालतो का हे आधी लेखी विचारून घ्या. भारतात असाल तर आरटीओला विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नका, तिथे गाडीतल्या बदलांना कायद्याची बंधनं आहेत.

गाडी, कर, टो आणि वर सांगितलेले पार्ट धरून खर्च १,५७० डॉलरच्या आसपास गेला. गोट्या, तेल, सील आणि बारीकसारीक वेगळं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मित्राच्या शेडमधला सांगाडा भंगारात गेला. ट्रकवाल्याने टायटलवर सही घेतली, २२० डॉलर हातावर ठेवले आणि पावती दिली. ती पावती आणि टायटलचा फोटो जपून ठेवलाय, उद्या त्या गाडीबद्दल पत्र आलं तर दाखवायला. ब्रेक आणि क्लच दोन्हींचं तेल आता दर दोन वर्षांनी बदलायचं ठरवलंय. पुढची तारीख मास्टरच्या टाकीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवली आहे.